घरात कुणी प्राध्यापक नाही, तरी असिस्टंट प्रोफेसर व्हायचंय: नागपुरातल्या अभियांत्रिकी पीएच.डी. संशोधकांसाठी मार्गदर्शक

व्हीएनआयटीत (नागपुरातली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयटी), एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) किंवा विद्यापीठाच्या एखाद्या संशोधन केंद्रात तुम्ही अभियांत्रिकीची पीएच.डी. करताय आणि तुमच्या घरातून इथवर पोचणारे तुम्ही पहिलेच आहात, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, दिव्यांग, मेकॅनिकल-सिव्हिलसारख्या शाखांत अजूनही मोजक्याच दिसणाऱ्या मुली, गडचिरोली-गोंदियाच्या गावांतून आलेली मुलं अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. तुमच्या संशोधनात काही कमी नसतं. कमी पडते ती माहिती. कोणता कागद कधी काढायचा, कोणतं जर्नल मोजलं जातं, डेमोत, म्हणजे निवड समितीपुढच्या नमुना तासात, नेमकं काय बघतात, हे प्राध्यापकाच्या घरातल्या मुलाला जेवता जेवता कळतं. तुम्हाला ते शोधत बसावं लागतं, आणि बरेचदा थिसिस जमा झाल्यावरच. तयारी खरं तर पहिल्या वर्षापासून सुरू व्हायला हवी, म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

१. आधी ठरवा, कोणत्या दाराने जायचं

दारं चार आहेत आणि प्रत्येकाची कुलपं वेगळी.

व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत पीएच.डी. शिवाय अर्जच होत नाही. नव्या पीएच.डी. धारकासाठी तिथलं पहिलं पद म्हणजे सहायक प्राध्यापक श्रेणी २. हे कंत्राटी असतं, वेतन स्तर १० किंवा ११. श्रेणी १ साठी पीएच.डी. नंतरचा अनुभव आणि क्रेडिट पॉइंट्स, म्हणजे कामगिरीचे गुण, लागतात. बुटीबोरीजवळच्या ट्रिपल आयटीत काय मागतात, ते त्या-त्या जाहिरातीत नीट वाचा.

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पदं एमपीएससी (राज्य लोकसेवा आयोग) भरते, सेवा महाराष्ट्र अभियांत्रिकी शिक्षक सेवा, गट-अ. इथे एम.टेक. वर अर्ज करता येतो. जाहिराती अनेक वर्षांच्या अंतराने येतात, त्यामुळे पीएच.डी. पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका.

खाजगी आणि स्वायत्त महाविद्यालयांना एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) १ मार्च २०१९ चे नियम लागू आहेत. संबंधित शाखेत बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी. नेट, म्हणजे अध्यापनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, लागत नाही. मात्र त्याच कॉलेजात गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवायचं असेल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पात्रता लागते, म्हणजे नेट, सेट (तशीच राज्याची परीक्षा) किंवा यूजीसी नियमांनुसार पीएच.डी. या दोन वाटांची गल्लत खूप जण करतात.

चौथं दार विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांचं. तिथे जागा थोड्या आणि प्रक्रिया लांब.

चारही दारांवर नजर ठेवा, पण तयारी सगळ्यात अवघड दाराची करा, म्हणजे एनआयटीची. बाकीच्या तिन्हींची तयारी त्यात बरीचशी होऊन जाते.

२. जातीचे कागद पहिल्या वर्षातच काढा

सगळ्यात जास्त संधी इथे हातच्या जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

केंद्र आणि राज्य यांची आरक्षणाची गणितं वेगळी आहेत. व्हीएनआयटी केंद्राची संस्था: अनुसूचित जाती १५, अनुसूचित जमाती ७.५, ओबीसी २७ आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) १० टक्के. केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायदा, २०१९ नुसार आरक्षण विभागवार मोजत नाहीत, संपूर्ण संस्था हे एक एकक धरतात. त्यामुळे 'आमच्या विभागात एकच जागा आहे, आरक्षण कुठून येणार' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. संस्थेची बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला याची यादी, बघा.

राज्यात अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब, क, ड अनुक्रमे २.५, ३.५ आणि २, विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) २, इमाव (म्हणजे ओबीसी) १९ टक्के. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने ४ टक्के. त्यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधीच काढून ठेवा.

आता सापळे.

पहिला: राज्यात तुम्ही भटक्या जमातीत असलात तरी केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या यादीत पाहा आणि नावाची अक्षरं दाखल्याशी जुळतात का तेही तपासा. काही जाती राज्याच्या यादीत आहेत, केंद्राच्या नाहीत.

दुसरा: नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे ओबीसी कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्राच्या अर्जाला चालत नाही. केंद्रीय नमुन्यातला वेगळा काढावा लागतो, आणि तो साधारणपणे चालू आर्थिक वर्षापुरताच धरतात. म्हणून एप्रिल-मेमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. मर्यादा ८ लाखांची आहे, पण केंद्राच्या निकषात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. लग्न झालेल्या मुलींना नवऱ्याचं उत्पन्न विचारलं जातं. हा निकष आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतो, नवऱ्याच्या नाही. काउंटरवर हे शांतपणे, नियम हातात ठेवून सांगा.

तिसरा, नागपुरात खास महत्त्वाचा: बौद्ध धर्मांतरित कुटुंबं. १९५६ नंतरच्या शाळेच्या नोंदीत 'बौद्ध' आणि आजोबांच्या नोंदीत मूळ जात, असं बहुतेक घरांत असतं. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्मांतरितांना केंद्रातही अनुसूचित जातीचे लाभ आहेत, पण त्यासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला केंद्रीय नमुन्यातला दाखला हवा. नुसतं 'बौद्ध' लिहिलेला दाखला दिल्लीच्या नियमांवर चालणाऱ्या छाननीत अडकतो.

चौथा: राज्यातल्या नेमणुकीसाठी जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. विदर्भात तो मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), जुने अधिकार अभिलेख. पुरावा शोधण्यात महिने जातात, जात पडताळणी समितीत त्याहून जास्त. वडील किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा, काम पुष्कळ सोपं होतं.

पाचवा: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, लग्नानंतर तिसरं. राजपत्रात नाव बदलून घ्या किंवा विवाह प्रमाणपत्र प्रत्येक अर्जाला जोडा. पेपरवर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव ठेवा.

३. फेलोशिप

फेलोशिप देणाऱ्या राज्याच्या संस्था अशा: अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटके-विमुक्त-विमाप्र यांच्यासाठी महाज्योती. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. शिवाय केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (कनिष्ठ फेलोशिप) ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये महिना, वर घरभाडं.

दोन ठिकाणची फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाही. फेलोशिप चालू असताना कॉलेजात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वसुली निघते. पैसे अनेकदा महिनोन्‌महिने उशिरा येतात, हे गृहीत धरून चला आणि प्रगती अहवाल, हजेरी, घरभाड्याचे कागद दर महिन्याला गाइडची सही घेऊन तयार ठेवा. उशीर कार्यालयाचा असो, तुमच्या बाजूचा कागद अपुरा नको.

४. शिकवण्याचा पुरावा गोळा करा

यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत एक तरतूद आहे, जी बऱ्याच संशोधकांना माहीत नसते: पीएच.डी. करताना अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रॅक्टिकल किंवा मूल्यमापनाचं काम देता येतं. ते काम मागून घ्या.

कसं मागायचं? सेमिस्टर सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी गाइड आणि विभागप्रमुखांना ईमेल करा. विषयाचं नाव, वर्ष, बॅच आणि तुम्ही काय करणार, एवढं लिहा. 'कुठेही चालेल' असं लिहू नका. दुसऱ्या वर्षात एक लॅब, तिसऱ्यात एका विषयाची ट्यूटोरियल्स आणि चौथ्यात गाइडच्या विषयातलं एक युनिट स्वतः शिकवणं, असा चढता क्रम ठेवा.

प्रत्येक सेमिस्टर संपलं की विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या: विषय, तास, तारखा. तीन वर्षांनी तो विभागप्रमुख बदललेला असतो आणि नवीन माणूस जुन्या कामाची सही देत नाही.

मुलींना कित्येकदा विभागाचे कार्यक्रम, सूत्रसंचालन, फाइलिंग ही कामं मिळतात आणि मुलांना मशीन लॅब. हे दिसलं की लॅबच मागा, लेखी मागा. समितीपुढे फाइलिंगचा अनुभव कुणी मोजत नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पीएच.डी. च्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना ६ वर्षांच्या कमाल मुदतीवर २ वर्षं वाढीव. यासाठी नोंदणी रद्द करायची गरज नसते.

आणखी एक गोष्ट. पूर्णवेळ पीएच.डी. चा काळ यूजीसीच्या नियमांत नेमणुकीसाठीचा अध्यापन अनुभव म्हणून धरत नाहीत. तुमची पत्रं उपयोगी पडतात ती मुलाखतीत, अनुभवाच्या रकान्यात नाही. तिथे ती वर्षं टाकलीत तर अर्ज बाद होऊ शकतो.

५. पेपर: कमी चालतील, खोटे चालणार नाहीत

एनआयटीच्या भरती नियमांत एससीआय किंवा स्कोपस (मान्यताप्राप्त जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूची) जर्नलमधल्या पेपरला ४ क्रेडिट पॉइंट आहेत. त्यातले २ पहिल्या लेखकाला किंवा मुख्य मार्गदर्शकाला, उरलेले बाकीच्यांत वाटले जातात. पैसे घेऊन छापणारी जर्नल्स मोजत नाहीत. म्हणजे पाच जणांच्या पेपरात चौथं नाव असण्याला फारशी किंमत नाही. लेखकांचा क्रम प्रयोग सुरू व्हायच्या आधी गाइडशी बोलून ठरवा. नंतर बोलणं कठीण होतं, विशेषतः तुम्ही लॅबमधले सगळ्यात नवे असताना.

'सात दिवसांत स्वीकृती, अमुक हजार फी' असा मेसेज आला की तीन गोष्टी तपासा. स्कोपसच्या सोर्स यादीत आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक) टाकून जर्नल आज चालू आहे की काढून टाकलं आहे ते बघा. वेब ऑफ सायन्सच्या मास्टर यादीतून जर्नलची खरी वेबसाइट उघडा, कारण नामांकित जर्नलची नक्कल करणाऱ्या साइट्स आहेत. मग मागच्या दोन अंकांतले चार पेपर वाचा. सिव्हिलच्या जर्नलात शेती आणि मार्केटिंगचे पेपर दिसले तर सोडून द्या. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा 'यूजीसी केअर' असा शिक्का दाखवणाऱ्यांपासून जास्तच सावध राहा.

तीन चांगले पेपर, त्यातल्या दोनांत पहिलं नाव, हे दहा कच्च्या पेपरांपेक्षा वजनदार ठरतं. मुलाखतीत तज्ज्ञ एखादाच पेपर उघडतो आणि आकृती ४ समजावून सांगा म्हणतो.

उपकरणाअभावी काम अडलं तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं वापरायला मिळतात. शहरातच नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था) आणि अमरावती मार्गावरचं जेएनएआरडीडीसी (ॲल्युमिनियम संशोधन केंद्र) आहे. गाइडचं पत्र घेऊन जा, नमुन्यांची संख्या आणि चाचणीचं नाव नेमकं सांगा.

६. थिसिस जमा करताना

थिसिसचं आधी छापलेल्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत कारवाई नाही. स्वतःच्याच पेपरांतला मजकूरही साम्यात दिसू शकतो, म्हणून अहवाल आधी एकदा काढून बघा.

व्हायवा झाला की विद्यापीठात त्याच आठवड्यात तीन कागद मागा: पदवी जाहीर झाल्याची अधिसूचना, तात्पुरतं प्रमाणपत्र आणि पीएच.डी. यूजीसीच्या अमुक वर्षाच्या विनियमांनुसार झाल्याचं पत्र. पदवीवर फक्त विद्याशाखेचं नाव येत असेल तर तुमचा विषय, म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकी' वगैरे, स्पष्ट लिहिलेलं पत्रही घ्या. 'संबंधित शाखा' या दोन शब्दांवर छाननीत खूप अर्ज पडतात. सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र हवं. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के.

७. अर्जाची फाइल

एका फोल्डरमध्ये, प्रत्येक फाइल २ एमबीच्या आत आणि नाव इंग्रजी अक्षरांत, हे सगळं तयार ठेवा:

- दहावीपासूनच्या गुणपत्रिका आणि पदव्या, रूपांतर प्रमाणपत्र
- पीएच.डी. ची अधिसूचना, विनियमांचं पत्र, विषयाचं पत्र
- जातीचा दाखला दोन्ही नमुन्यांत, व्हॅलिडिटी, चालू वर्षाचं नॉन-क्रिमिलेअर, यूडीआयडी
- अधिवास प्रमाणपत्र, नाव बदलाचं राजपत्र
- अनुभवपत्रं: पद, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, वेतनश्रेणी, रुजू आणि कार्यमुक्त तारीख. सोबत फॉर्म १६
- पेपरांची पहिली पानं, ऑर्किड आणि स्कोपस क्रमांक (लेखक म्हणून तुमची ओळख), विद्वान पोर्टलवरचं प्रोफाइल
- अध्यापनाची पत्रं, एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं
- एक पानाचं अध्यापन निवेदन, दोन पानांचा संशोधन आराखडा

ऑनलाइन अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. बऱ्याच संस्था छापील प्रत आणि जोडपत्रं स्पीड पोस्टने मागतात. ती ठरलेल्या तारखेला पोचली पाहिजे. त्या दिवशी नुसती पोस्टात टाकलेली चालत नाही.

संशोधन आराखड्यात थिसिसचा सारांश परत लिहू नका. पुढच्या तीन वर्षांत, मोठं यंत्र नसताना, एम.टेक. च्या दोन विद्यार्थ्यांसह काय कराल ते लिहा. इथले प्रश्न घेतले तर आराखडा जिवंत होतो: कोराडी-खापरखेड्याची फ्लाय ॲश, नाग नदीचं सांडपाणी, मेट्रोच्या खांबांखालची काळी माती, संत्र्याच्या सालीपासून मिळणारं पेक्टिन. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च आणि पैसे कुठून मागणार ते द्या.

शिफारशीसाठी तीन नावं लागतात. गाइड एक. दुसरं संशोधन सल्लागार समितीतलं बाहेरचं सदस्य, तिसरं तुमचा पेपर ऐकलेली परिषदेतली व्यक्ती. बाहेरच्या माणसाला चौथ्या वर्षात अचानक मेल करण्यापेक्षा दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक सादरीकरणानंतर चार ओळींचा मेल पाठवत राहा.

८. डेमो आणि मुलाखत

डेमो बहुधा १० मिनिटांचा. बी.टेक. च्या मुलांना शिकवता येतं का, हे बघायचं असतं, म्हणून थिसिसचा विषय निवडू नका. 'ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही', 'मोर (Mohr) यांचं वर्तुळ', 'स्टॅक आणि रांग' असं एक छोटं, पूर्ण होणारं काही घ्या.

वेळ अशी वाटा. पहिलं मिनिट: प्रश्न. पुढची पाच: फळ्यावर आकृती आणि सूत्र. मग दोन मिनिटं आकडे घालून एक उदाहरण. एक मिनिट: इथे मुलं हमखास काय चुकतात. शेवटी पुढच्या तासाला काय. फळ्याचे तीन उभे भाग करा आणि डावीकडून भरत या, मधेच पुसू नका. पाठ फळ्याकडे आणि आवाज भिंतीकडे जाणं ही सगळ्यात सामान्य चूक. ती घरच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, मोबाइलवर रेकॉर्ड केलं की दिसते. सराव दुसऱ्या शाखेच्या दोन मित्रांपुढे करा. त्यांना कळलं तर समितीलाही कळेल.

इंग्रजीची धास्ती बऱ्याच जणांना असते, मराठी माध्यमातून आलेल्यांना जास्त. छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्यात काही कमीपणा नाही. उच्चारांपेक्षा संकल्पना गोंधळली की गुण जातात. दोन बी.टेक. विषय गेट परीक्षेच्या पातळीवर पक्के करा. खाजगी कॉलेजात एनबीएबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय मूल्यांकनाबद्दल, विचारतात. एका विषयाचे कोर्स आउटकम (विषय शिकून मुलांना काय यायला हवं) लिहून, ते प्रोग्राम आउटकमशी (पूर्ण पदवीनंतर काय यायला हवं) कसे जोडतात ते एका कागदावर करून न्या.

कधी असेही प्रश्न येतात जे यायला नकोत: लग्न कधी, मूल कधी, एम.टेक. ला प्रवेश कोणत्या कोट्यातून. चिडू नका, पण तपशीलही देऊ नका. 'सर, त्याचा माझ्या कामाच्या वेळापत्रकावर परिणाम होणार नाही. लॅबचा आराखडा दाखवू का?' एवढं पुरतं. बाहेर आल्यावर प्रश्न, वेळ, समितीतली आसनं लिहून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग उमेदवार असताना समितीत त्या प्रवर्गाचा प्रतिनिधी शिक्षणतज्ज्ञ असायला हवा. राखीव जागा 'योग्य उमेदवार नाही' म्हणून रिकामी ठेवली गेली तर माहिती अधिकारात तुमचे गुण आणि छाननीचा तक्ता मागता येतो.

९. नेमणूकपत्र हातात आल्यावर

सही करण्याआधी वाचा. 'एकत्रित वेतन' लिहिलंय की 'स्तर १०, ५७,७०० पासून'? नेमणूक विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झालेली की कॉलेजच्या पातळीवरची? दुसऱ्या प्रकारची सेवा पुढे मोजताना वाद होतो. राजीनाम्याची नोटीस किती महिन्यांची? मूळ प्रमाणपत्रं पडताळणी झाली की त्याच दिवशी परत घ्या, जमा ठेवू नका. एनबीएच्या भेटीआधी १:२० हे शिक्षक-विद्यार्थी प्रमाण दाखवायला घाईने भरती करणारी कॉलेजं असतात. तिथे मागच्या वर्षी लागलेल्या किती जणांना आज पगार मिळतोय, हे कॅन्टीनमध्ये विचारलं तरी कळतं.

सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तास. त्यावर प्रवेश मोहीम, एनबीएच्या फाइली, वसतिगृह अशी कामं नव्या माणसाच्या गळ्यात येतात. पहिल्या सेमिस्टरला त्यातलं एकच घ्या, आणि ते कोणतं हे स्वतः सुचवा, म्हणजे उरलेली वाटताना तुमचं नाव आपोआप पुढे येत नाही. 'स्वयम्' पोर्टलवरचे एनआयटीटीटीचे (नव्या तंत्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचे) ८ मॉड्यूल याच काळात सुरू करा, आणि थिसिसमधला न पाठवलेला शेवटचा पेपर दिवाळीच्या सुट्टीत पाठवून द्या.